कुमुदच्या नावाचे रोखे

पाच वाजता घरमालकाची एजंट येणार होती. तीन वाजून गेले, सोड्याची खिचडी चाटूनपुसून संपली, भांडी सिंकमध्ये जाऊन पडली, तरी विषयाला कुणी हात घालत नव्हतं. जो तो खिचडीचंच कौतुक करत होता. हे कौतुक कुमुदला चांगलं ओळखू येत असे. या घरातली माणसं जेवणाची फार तारीफ करायला लागली, की समजावं, बोलायचं दुसरंच काहीतरी आहे.

सिंगापुरात सेरंगूनच्या या नवव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती आणि शामकांत बारा वर्षं राहत होती. भाडं बावीसशे डॉलर. गेल्या आठवड्यात मालकाचं पत्र आलं, पुढच्या करारापासून साडेतीन हजार. पटत असेल तर सही करा, नसेल तर महिनाअखेर किल्ल्या द्या. शामकांतांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं आणि तीन दिवस त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. चौथ्या दिवशी कुमुदनं स्वतःच दोन्ही मुलांना फोन केले.

दर्शन बायकोमुलीला घेऊन आला होता. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत तो बऱ्या हुद्द्यावर होता आणि रविवारीसुद्धा त्याच्या शर्टाला इस्त्री असायची. उत्कर्षा जुरोंग ईस्टहून एमआरटी मेट्रोनं एकटीच आली होती. तिचा नवरा धनेश जहाजावर सेकंड इंजिनिअर. तो सध्या ब्राझीलच्या वाटेवर कुठंतरी समुद्रात होता.

शेवटी दर्शननंच बॅगेतून निळी फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. "बाबा, आता सोक्षमोक्ष लावू या. किती दिवस टाळणार?"

"काय लावायचाय तो लाव," शामकांत म्हणाले. बहात्तराव्या वर्षीही त्यांची पाठ ताठ होती. चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, त्यातली बावीस चीफ इंजिनिअर म्हणून. अजूनही फ्रिजचा आवाज बदलला की ते झोपेतून उठून त्याच्यासमोर जाऊन उभे राहत.

"रोखे विकायचे," दर्शन म्हणाला. "सगळे. उद्याच."

कुमुदनं पदराला हात पुसले. रोखे तिच्या नावावर होते. चार वर्षांपूर्वी, करोनाच्या दिवसांत, शामकांतांनी आयुष्यभराची शिल्लक, आठ लाख डॉलर, सिंगापूर सरकारच्या तीस वर्षांच्या रोख्यांत गुंतवली होती. तिच्यापुढे कागद ठेवले, बोटानं जागा दाखवल्या, तिनं सह्या केल्या. कशाच्या ते विचारलं नव्हतं. सरकारी आहेत, बुडणार नाहीत, एवढं तिला पुरेसं होतं.

"विकून किती येतील?" उत्कर्षानं विचारलं.

दर्शननं बापाकडे पाहिलं. बाप खिडकीबाहेर पाहत होता.

"शंभराचे सत्याहत्तर," दर्शन म्हणाला. "म्हणजे सहा लाख सोळा हजार."

कुमुदला आधी वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. "आठ लाख होते ना रे?"

"होते."

"मग वरचे गेले कुठं? सरकार बुडालं की काय?"

दर्शननं तोंड उघडलं, पण आईला समजेल असं त्याला सांगता येईना. बँकेतल्या माणसांचं हे असंच असतं. सोफ्यावर पाय पसरून बसलेल्या त्याच्या जाईनं कानातला इअरफोन काढला. पंधरा वर्षांची पोर, शाळेत अर्थशास्त्राचा प्रोजेक्ट करून बसलेली.

"आजी, बुडालं नाही लाह. सी, आजोबांचा बॉन्ड हंड्रेडवर टू डॉलर्स देतो, राइट? नाऊ गव्हर्न्मेंटचा नवा बॉन्ड थ्री प्लस देतो. सो हू वॉन्ट्स द ओल्ड वन? स्वस्त केला तरच कोणी घेणार."

"मुदतीपर्यंत ठेवला तर शंभरचे शंभर मिळतात," शामकांत खिडकीकडेच बघत म्हणाले. "पै न पै मिळते."

"मुदत दोन हजार पन्नासला आहे, बाबा. तुम्ही अठ्ठ्याण्णव वर्षांचे असाल."

"आणि मी त्र्याण्णवची," कुमुद म्हणाली. तिला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पावणेदोन लाख डॉलर गेले होते, आणि ते गेल्याचं या माणसाला माहीत होतं. रोज सकाळी शेजारी बसून चहा पिताना माहीत होतं.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? विकले नाहीत तोवर तोटा कागदावरच असतो."

"भाडं कागदावर असतं का?" उत्कर्षा पटकन बोलून गेली. "बाबा, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं सोडलं, तर तुमचं व्याज वर्षाला सोळा हजार. नवं भाडं बेचाळीस हजार. जीएसटी नऊ टक्के झाला. खालच्या हॉकरकडची कॉफीसुद्धा पूर्वीच्या पैशात येत नाही. तुम्ही तीस वर्षांसाठी एकच आकडा पक्का करून ठेवलात आणि बाकी सगळं वर चढलं. दादा म्हणतोय ते बरोबर आहे. विका."

बहीण आपल्या बाजूला आलेली पाहून दर्शनचा आवाज मऊ झाला. त्यानं पुढचं सगळं ठरवूनच आणलं होतं. आईबाबांनी भाड्याचा हा खटाटोप सोडावा आणि त्याच्या कॉन्डोवर राहायला यावं. स्टडी रिकामी करून देतो. रोख्यांचे पैसे त्याच्या खात्यात वळवावेत, तो बघेल. "या वयात तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?" तो म्हणाला आणि फाइलमधून एक फॉर्म काढला. दोन ठिकाणी पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. "आई, तुझ्या नावावर आहेत, तेव्हा तुझीच सही लागेल."

कुमुदनं त्या पिवळ्या पट्ट्या पाहिल्या. पुन्हा कुणीतरी बोटानं जागा दाखवत होतं. मुलगा चांगला होता, यात तिला कधीच शंका नव्हती. पण लहानपणी तो खोटं बोलायचा तेव्हा कानाची पाळी चोळायचा, आणि आताही त्याचा हात कानाशीच होता.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि उठली.

स्वयंपाकघरात मधुरा भांडी घासत होती. कुणी सांगितलेलं नसताना सून भांड्यांना भिडली, हेही कुमुदच्या नजरेतून सुटलं नव्हतं. सासूची चाहूल लागताच मधुरानं नळ आणखी मोठा सोडला. मग त्या आवाजाच्या आडून, मान वर न करता, ती म्हणाली, "आई, सही करू नका."

कुमुदनं गॅस पेटवला. "का गं?"

"दोन हजार एकवीसला आम्ही तो दुसरा कॉन्डो घेतला, आठवतं ना? तेव्हा कर्जाचा दर सव्वा टक्का होता. दर्शन म्हणाला, पैसा फुकट मिळतोय, भाव वाढतच जाणार, आता नाही घेतलं तर आयुष्यात नाही. दोन वर्षं दर बांधलेला होता. ती संपली. आता सव्वाचार टक्के." तिनं पातेलं दाणकन उपडं घातलं. "दोन्ही घरांचे हप्ते मिळून महिन्याला किती जातात, ते मी तुम्हाला सांगत नाही. ऐकून तुम्हाला झोप लागणार नाही. तिथला भाडेकरू नोव्हेंबरात गेला. तुमचे सहा लाख त्या कर्जात जाणार आहेत. गेले की गेले. परत निघत नाहीत."

"तुला त्यानं सांगितलं?"

"मला त्यानं सांगितलं नाही. मी बँकेचं पत्र वाचलं." आता तिनं मान वर केली. "आई, उद्या तुम्ही आमच्याकडे राहायला आलात तर मला आनंद आहे. पण पैसे आमच्या कर्जात घालून, हातात काही न ठेवता याल, ते नको. भाजीला पैसे मागताना तुम्ही माझ्या तोंडाकडे बघाल, ते मला बघवणार नाही."

कुमुदनं चहात साखर घातली, मग घातली की नाही ते न आठवून पुन्हा घातली. सोळा वर्षांत ही मुलगी तिच्याशी इतकं कधी बोलली नव्हती. नवऱ्याच्या विरुद्ध बोलायला तिला किती जड गेलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. कुमुदनं ओल्या हातानंच तिचा दंड दाबला आणि ट्रे उचलला.

"दर्शन," कप ठेवता ठेवता तिनं विचारलं, "तुझं दुसऱ्या घराचं लोन आता कितीवर गेलंय?"

दर्शननं कप खाली ठेवला. त्यानं आईमागे उभ्या असलेल्या बायकोकडे असं पाहिलं, की कुमुदला दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहावंसं वाटलं.

"सांगितलंस?" तो म्हणाला.

"सांगितलं," मधुरा म्हणाली.

"म्हणजे हे आईबाबांचं चाललेलं नाही," उत्कर्षा सावकाश म्हणाली. तिचा चेहरा लाल होत गेला. "हे तुझं भोक बुजवायचं चाललंय. आणि मी मूर्खासारखी मघापासून तुझ्या बाजूनं घसा फोडतेय! स्टडी रिकामी करून देतो म्हणे. लाज नाही वाटत, दादा?"

"मी फसवत नव्हतो!" दर्शन उठून उभा राहिला. "ते घर वाचलं तर सगळ्यांचंच आहे ना? मी त्यांना महिन्याला पैसे देणारच होतो. आणि मला काय शिकवता? हे सगळं झालं कुणामुळं? बाबांमुळं! जन्मभर हा माणूस भाव पडायची वाट बघत बसला. शहाण्णवमध्ये घेतलेला जुरोंगचा फ्लॅट अठ्ठ्याण्णवला तोट्यात विकला, आणि मग पंचवीस वर्षं भाडं भरलं. पंचवीस वर्षं, आई! माझ्या वर्गातल्या मुलांच्या आईबापांनी तेवढ्यात दोन-दोन घरं केली. मी शपथ घेतली होती, की मी बाबांसारखं घाबरून जगणार नाही."

"पप्पा, स्टॉप लाह," जाई सोफ्यावरून हळूच म्हणाली. कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

शामकांतांनी आता कुठं खिडकी सोडली. ते चिडतील असं कुमुदला वाटलं, पण ते ज्या आवाजात बोलले तो तिनं फारसा ऐकला नव्हता. शांत, कोरडा, बंदरात एजंटला हिशेब देताना काढावा तसा.

"जपानात एका यार्डात आमची जहाजं दुरुस्तीसाठी ड्राय डॉकला जायची. तिथला फोरमन माझ्या वयाचा. त्यानं भाव आभाळाला टेकले होते तेव्हा घर घेतलं. पुढं मी दर तीन वर्षांनी जायचो. दर वेळी घराची किंमत खाली आणि कर्ज तेवढंच. पगार वाढेना, कारण वस्तूंचे भावच वाढत नव्हते. सगळे म्हणायचे, स्वस्ताई आहे, मजा आहे. तो माणूस मात्र माझ्यादेखत म्हातारा झाला. मग आपला जुरोंगचा फ्लॅट." ते थांबले. "आणि करोना. ज्या तेलाचा मी जन्मभर टनाटनानं हिशेब ठेवला, ते एक दिवस शून्याच्याही खाली गेलं. तेल घ्या आणि वर पैसे घ्या. मला वाटलं, झालं, आता सगळ्या जगाचं जपान होणार, भाव पडत राहणार आणि ठरलेली रक्कमच मोठी ठरणार. मी चुकलो. भाव चढले."

"चुकलात तर चुकलात, पण तीस वर्षं?" उत्कर्षा म्हणाली. "पाच वर्षांचे घ्यायचे, दहाचे घ्यायचे. अडुसष्टाव्या वर्षी तीस वर्षांचे रोखे कोण घेतं, बाबा?"

"माझ्यासाठी घेतलेच नव्हते."

त्यांनी कुमुदकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "अलॉटमेंट."

मुलांना शब्द नवा नव्हता. उत्कर्षाला तर रोजचा होता. जहाजावर चढताना इंजिनिअर कंपनीला लिहून देतो, की माझ्या पगारातून दर महिन्याला एवढी रक्कम घरी बायकोला पाठवा. मग जहाज कुठंही असो, वादळात असो की बंदरात, ती रक्कम महिन्याच्या महिन्याला घरी पोचते. तिला अलॉटमेंट म्हणतात.

"मी चाळीस वर्षं बाहेर होतो," शामकांत म्हणाले. "घर हिनं चालवलं. मला एकच गोष्ट करता आली, की हिचं अलॉटमेंट कधी चुकू दिलं नाही. एक ठरलेली रक्कम, दर महिन्याला. त्यात हिनं दोन मुलं शिकवली. एकदाही कमी पडलं म्हणून पत्र आलं नाही. मी म्हटलं, आपण गेल्यावर हे थांबायला नको. त्र्याण्णव वर्षांची होईपर्यंत हिला कुणापुढं हात पसरावा लागू नये. सरकार देईल, ठरलेलं. एवढंच होतं."

दर्शन खाली बसला.

या माणसावर मघापासून कुमुद चिडली होती, पावणेदोन लाख लपवले म्हणून. आणि आता तिला दिसत होतं, की त्याचा सगळा आडाखा तिनंच त्याला दिला होता. एकदाही पत्र आलं नाही. खरंच होतं ते. पाठवलंच नव्हतं. जहाजावर वाईट बातमी कळवायची नाही, हा खलाशांच्या बायकांचा दंडक होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका थोरल्या बाईनं तिला बजावलं होतं, की तुझं रडगाणं वाचून त्याचं लक्ष उडालं आणि यंत्रात हात गेला, तर जन्मभर तो दोष उराशी घेऊन बसशील. तिनं तो दंडक इतका चोख पाळला, की नवरा कायमचा घरी आला तरी मोडला नाही. आज मोडला नाही, तर हा माणूस मरेपर्यंत त्या ठरलेल्या रकमेवर विश्वास ठेवून बसणार. मुलगा नाहीतर सरकार, कुणीतरी तिच्यासाठी बोटानं जागा दाखवत राहणार, आणि ती डोक्यावरचं छप्पर घालवून बसणार.

"अहो," ती म्हणाली. "ते पुरत नव्हतं."

"काय?"

"अलॉटमेंट. पहिल्या तीन-चार महिन्यांत पुरायचं. तुम्ही चढताना आकडा लिहून जायचात, तो उतरेपर्यंत तोच. इकडं भाडं वाढायचं, बसचं तिकीट वाढायचं, तांदूळ वाढायचा. शेवटच्या महिन्यांत कधीच पुरलं नाही."

शामकांत तिच्याकडे पाहत राहिले. "तू कधी..."

"पंच्याण्णव साली मालकानं फेब्रुवारीत भाडं वाढवलं. तुम्ही जुलैपर्यंत येणार नव्हतात. जूनमध्ये मी शिकवण्या सुरू केल्या. खालच्या मजल्यावरच्या चिनी मुलांच्या, गणिताच्या. काम करायचा पास नव्हता माझ्याकडे, म्हणून बोभाटा केला नाही."

"ती मुलं?" उत्कर्षा थक्क झाली. "ती तर आमच्याशी खेळायला यायची!"

"आधी तासभर गणित. मग खेळ. तुम्ही शाळेतून यायच्या आत गणित उरकलेलं असायचं."

दर्शननं चेहरा हातांत घातला होता. शामकांतांची ताठ पाठ खुर्चीला टेकली होती, आणि ते दृश्य कुमुदला पाहवेना. आपण त्यांच्याजवळून काहीतरी काढून घेतलं, जे त्यांनी अंगाखांद्यावर मिरवलं नव्हतं पण जन्मभर उराशी धरलं होतं, हे तिला समजत होतं. तरी बोललेलं परत घ्यावं असं तिला वाटलं नाही.

बेल वाजली. पाचला पाच कमी होते.

मिस ओंग पन्नाशीची, चटपटीत बाई. दारात चपला काढून तिनं सगळ्यांकडे हसून पाहिलं, हवेतला ताण ओळखला आणि हसू आवरतं घेतलं. "अंकल, आंटी, हाऊ? ओनर वेटिंग फॉर युवर आन्सर."

नेहमीच्या सवयीनं ती शामकांतांकडे वळली. शामकांतांनी कागदाकडे पाहिलंही नाही. मग कुमुदनंच खुर्ची पुढं ओढली.

"तीन महिने," ती तिच्या सावकाश इंग्रजीत म्हणाली. "तीन महिन्यांसाठी साडेतीन हजार देऊ. मग घर सोडू."

"आयो आंटी, ओनर वॉन्ट वन इयर."

"आम्ही आज गेलो तर तुम्हाला घराला रंग द्यावा लागेल. बाथरूमची फरशी बदलावी लागेल, ती बारा वर्षं मी सांभाळून घेतली. नवा माणूस बघून, विचार करून यायला महिना-दीड महिना घर रिकामं. तेवढ्या पैशात आमचे तीन महिने बसतात. मालकाला फोन करा आणि हेच सांगा."

मिस ओंग बाहेर गॅलरीत जाऊन चिनीत बोलत राहिली. आत सगळे आईकडे पाहत होते, जणू ती आत्ताच कुठल्यातरी बोटीतून उतरली होती.

"आणि तीन महिन्यांनी?" उत्कर्षानं विचारलं.

"घर घ्यायचं. लहान, जुन्या बिल्डिंगमधलं, दोन खोल्या आणि एक हॉल. चार लाखांपर्यंत मिळतं, मी आठवडाभर बघतेय. तेवढ्यापुरते रोखे विकायचे. उरलेले राहू देत, त्यांचं व्याज आणि पुण्याच्या फ्लॅटचं भाडं यात दोन माणसांचं पोट भरतं."

"म्हणजे शंभरचे सत्याहत्तर घ्यायचे," शामकांत म्हणाले. मघापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "तोटा पक्का होईल, कुमुद. आणि घर घेतलं आणि भाव पडले, तर? अठ्ठ्याण्णवला झालं ते..."

"पडू देत. मला ते विकायचंच नाही. चढले तरी मला त्याचा उपयोग नाही, आणि पडले तरी मला कुणी ऊठ म्हणणार नाही. भाव कुठं जातील ते तुम्हाला कळलं नाही, दर्शनला कळलं नाही, ते सांगणारे मोठमोठे लोक दर सहा महिन्यांनी वेगळंच बोलतात. मला कळत नाही, हे मला कळतंय."

तिनं फॉर्म उचलला, पिवळ्या पट्ट्या काढल्या आणि तो दर्शनच्या फाइलमध्ये परत ठेवला.

"आई, मग माझं काय?" दर्शनचा आवाज बारीक झाला होता. बेचाळिशीला टेकलेला मुलगा एकदम बारा वर्षांचा दिसला. हे तिला सगळ्यात जड गेलं. तिच्या सहीनं त्याचं घर वाचलं असतं, निदान वर्षभर तरी.

"दुसरं घर विकून टाक, राजा. कमी येतील, येऊ देत. बाबांनी तोटा चार वर्षं माझ्यापासून लपवला, तू मधुरापासून लपवू नकोस. आणि रोज माझ्याकडे जेवायला आलास तरी चालेल. पण ही सही मी नाही करणार."

मधुरा रडायला लागली. दर्शननं फाइल बॅगेत कोंबली आणि कुणाकडेही न पाहता तो दाराशी जाऊन बूट घालू लागला.

मिस ओंग आत आली. "ओके, थ्री मंथ्स. ओनर से, बिकॉज आंटी, गुड टेनंट." करार शामकांतांच्या नावावर होता. त्यांनी कुमुदनं दाखवलेल्या जागी निमूट सही केली.

सहापर्यंत घर रिकामं झालं. दर्शन लिफ्टपाशी नुसता "येतो" म्हणाला. तो पुन्हा कधी येईल, हे कुमुदला सांगता आलं नसतं. उत्कर्षानं जाताना आईला घट्ट मिठी मारली आणि धनेश बंदराला लागला की त्याला सगळं खरं-खरं लिहीन, असं दोनदा सांगितलं.

कुमुद टेबलाशी येऊन बसली. शामकांत अजून त्याच खुर्चीत होते. खाली मुलं सायकली फिरवत होती, त्यांच्या घंटांचे आवाज वर येत होते. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"त्या साली मी अकरा महिने होतो," शेवटी ते म्हणाले. "माझ्या जागी रिलीफचा माणूस आलाच नाही. ऑगस्ट ते जुलै."

"हो."

"किती कमी पडायचे?"

"दोनशे. भाडं वाढल्यावर तीनशेच्या वर."

"मुलांना..."

"मुलांना काही कमी केलं नाही. शाळेची फी, दूध, फळं, सगळं होतं."

त्यांनी मान हलवली. अंगठा पुन्हा टेबलाच्या कडेवरून फिरू लागला.

"मी जुलैत उतरलो. तू एअरपोर्टवर आली होतीस. बारीक झाली होतीस. मी म्हणालो, छान दिसतेस."

"म्हणाला होतात."

"कुमुद." आता त्यांनी सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तू जेवत होतीस ना?"

याचं उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. आयुष्यभर तयारच होतं. मला काय झालंय, छान जेवत होते की. ते तिनं तोंडातच अडवलं.

"रात्रीची नाही," ती म्हणाली. "शिकवण्या सुरू होईपर्यंत."